माशांचे टाकीबाहेर उडी मारणे

मत्स्यालयात पाळलेल्या शोभिवंत माशांनी उसळी घेऊन काचेच्या टाकीबाहेर पडणे, ही मत्स्यपालनातील नेहमी आढळणारी घटना आहे. बोलताना तिला माशाची ‘आत्महत्या’ म्हटले जाते. मात्र माशामध्ये तसा हेतू असल्याचा कोणताही पुरावा नाही. नदी-ओढ्यांत हीच उडी माशाचा जीव वाचवते किंवा त्याला नव्या पाण्यात नेते. टाकीभोवती दुसरे पाणी नसल्यामुळे ती प्राणघातक ठरते. काही जातींत उडी हा मूळ स्वभाव असतो. इतर वेळी ते पाणी बिघडल्याचे लक्षण असते.

नैसर्गिक वर्तन

शत्रूपासून सुटका, पृष्ठभागावरील कीटक पकडणे, अडथळा ओलांडणे आणि नव्या जलाशयात पसरणे यांसाठी मासे उडी मारतात. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या आरंभी प्रजननासाठी प्रवाहाविरुद्ध जाणारे ‘चढणीचे मासे’ लहान बांध उडी मारून ओलांडतात. कोकणात या हंगामी स्थलांतराला ‘वलगण’ म्हणतात. कटला आणि चंदेरा हे मासे जाळ्यावरून उडी मारून निसटतात.

गप्पी हा मासा डासांच्या अळ्या खातो, म्हणून महाराष्ट्रात तो डबकी व हौदांत सोडला जातो. डॅफ्ने सोरेस व हिलरी बीरमन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शत्रू किंवा भक्ष्य समोर नसतानाही गप्पी उडी मारतो असे दिसले. उडीपूर्वी तो वक्षपरांच्या साहाय्याने सावकाश मागे सरकतो. त्यामुळे ही केवळ दचकून घेतलेली उसळी नसते. नवे पाणी गाठण्यासाठी ही सवय उपयुक्त ठरत असावी, असे त्यांचे अनुमान आहे.

टाकीतील कारणे

* प्राणवायूची कमतरता : पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला तो लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम. तापमानाबरोबर माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते.
* अमोनिया व नायट्राइट : विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून अमोनिया तयार होतो. २५ अंशांना सामू ७ असल्यास त्याचा सुमारे अर्धा टक्काच भाग तीव्र विषारी रूपात असतो. सामू ८ झाल्यास हे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवर जाते.
* अचानक बदल : नव्या टाकीत सोडणे, एकाच वेळी सर्व पाणी बदलणे, अंधारात एकदम दिवा लावणे.
* इतर माशांचा त्रास : गर्दी, हद्दीवरून पाठलाग, लपण्यास जागा नसणे.

बीड जिल्ह्यातील परिस्थिती

बीड जिल्हा मराठवाड्याच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंशांपलीकडे जाते आणि टंचाईच्या काळात अनेक गावांना टँकरने पाणी पुरवावे लागते. पाणी वाचवण्यासाठी टाकीतील पाणी बदलणे लांबले, तर अमोनिया साचतो. बेसॉल्ट खडकातील विहिरी व कूपनलिकांचे पाणी सामान्यतः कठीण आणि काहीसे अल्कधर्मी असते. अशा पाण्यात साचलेला अमोनिया अधिक विषारी ठरतो. त्यातच वीज गेल्यास हवेचा पंप बंद पडतो. ही कारणे एकत्र आली, तर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. उडीपूर्वीचा हा महत्त्वाचा इशारा होय.

पाण्याबाहेर पडलेला मासा

हवेत प्राणवायू पाण्यापेक्षा कितीतरी अधिक असूनही बहुतेक मासे तेथे गुदमरतात. पाण्याचा आधार जाताच कल्ल्यांचे नाजूक तंतू एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे श्वसनक्षेत्र घटते. मरळसारखे हवाश्वासी मासे तुलनेने अधिक काळ तग धरतात. जमिनीवर सापडलेल्या माशाच्या कल्ल्यांची हालचाल दिसत असल्यास त्याला ओल्या हातांनी उचलून त्याच टाकीच्या पाण्यात सोडावे. अंग कोरडे वाटले, तरी प्रयत्न सोडू नये.

प्रतिबंध

टाकीवर हवा खेळती ठेवणारे जाळीचे झाकण बसवणे आणि पाणी काठापासून काही सेंटिमीटर खाली ठेवणे, हे प्राथमिक उपाय आहेत. नळीसाठी ठेवलेल्या फटीतूनही लहान मासा बाहेर पडू शकतो. उन्हाळ्यात टाकी खिडकीपासून दूर ठेवावी, माशांची संख्या व खाद्य कमी ठेवावे, आणि पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडून बाष्पीभवनाने पाणी थंड करावे. बर्फ थेट टाकू नये. टंचाईतही सर्व पाणी एकदम बदलण्याऐवजी दर आठवड्याला थोडे बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकल्यावरच ते वापरावे. झाकणामुळे मासा बाहेर पडत नाही, पण उडीचे कारण तसेच राहते; म्हणून पूर्वी शांत असलेले मासे वारंवार उसळू लागल्यास प्रथम पाण्याची तपासणी करणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

* मत्स्यालय
* गप्पी मासा
* मरळ
* बीड जिल्हा