गाडी बसली: सस्पेन्शनचा दोष शोधण्याच्या रीतीचा इतिहास

‘गाडी बसली’ हा गॅरेजमधला शब्द सस्पेन्शनच्या सगळ्या पिढ्यांना पुरून उरला आहे. ट्रकचा पाटा तुटला, मोटारीची स्प्रिंग थकली किंवा रात्रभरात तेलाचा दाब उतरून लाखमोलाच्या गाडीचा एक कोपरा चाकावर टेकला, तरी मिस्त्री म्हणतो ते हेच. ती का बसली हे शोधण्याची रीत मात्र गेल्या शंभर वर्षांत पार बदलली. नवी मुंबईत या रीतीच्या सगळ्या अवस्था आजही शेजारीशेजारी पाहायला मिळतात.

मुंबईत मोटारींची जुळणी १९२८ मध्ये सुरू झाली. जनरल मोटर्सने शिवडीला कारखाना काढला. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि काही वर्षांनी कुर्ल्याहून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे ‘पद्मिनी’ या नावाने टॅक्सी म्हणून घराघरांत ओळखीच्या झालेल्या या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंगा आणि मागे पाटे होते. मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांचे मिस्त्री तिच्यावरच शिकले. त्यांची तपासणी हाताची आणि कानाची होती. बॉनेटवर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडायचे आणि गाडी किती वेळा झुलते ते मोजायचे. एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक, तीन-चार हेलकावे खाल्ले तर गेला. टायर एकाच कडेने झिजला असेल तर बुश किंवा अलाइनमेंट. खड्ड्यातून जाताना कट् असा एकच आवाज आला तर बॉलजॉइंट. शॉकअपच्या नळीवर धूळ खाऊन काळपट झालेला तेलाचा ओघळ दिसला की पुढची चर्चाच संपायची.

शॉकअप ही हायड्रॉलिकचीच करामत. आतला दट्ट्या तेलाला बारीक भोकांतून ढकलतो, त्या अडथळ्यात स्प्रिंगची उसळी जिरते. गॅब्रिएल कंपनीने १९६१ पासून मुलुंडला शॉकअप बनवायला घेतले आणि हा भाग भारतात सहज मिळू लागला. त्यात दुरुस्त करण्यासारखे फारसे काही नसते, तो बदलायचा. त्यामुळे निदानही ‘चांगला’ की ‘गेलेला’ एवढ्यावर भागत असे.

सिडकोची स्थापना मार्च १९७० मधली आणि ठाण्याच्या खाडीवरचा वाशीचा पूल १९७३ चा. मोटारींसाठी दार उघडले, पण नव्या शहराच्या रस्त्यांवर आधी गर्दी झाली ती ट्रकांची. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतून वाशीला आला, कळंबोलीत पोलादाचा बाजार बसला आणि १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. पोलादाच्या कॉइली आणि कंटेनर वाहणाऱ्या ट्रकांमुळे कळंबोली-तुर्भे भागात पाट्यांचे काम करणाऱ्यांना तोटा राहिला नाही. तिथले निदान अजूनही डोळ्यांनीच होते. पाट्याच्या अंगावर ताज्या गंजाची आडवी रेघ दिसली तर तिथे तडा आहे. मधला बोल्ट कापला गेला तर आस जागेवरून सरकतो आणि ट्रक खेकड्यासारखा तिरका चालतो. हे मागून येणाऱ्या रिक्षावाल्यालाही दिसते.

दुसरी परंपरा याच्या कितीतरी आधी फ्रान्समध्ये आकार घेत होती. सित्रोएन कंपनीतल्या पॉल माजेस या इंजिनिअरने स्प्रिंगच काढून टाकली आणि तिच्या जागी धातूचा गोळा बसवला. गोळ्यात पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. वायू दबतो, तेल दाब पोचवते आणि पंप गाडीची उंची राखतो. १९५४ मध्ये एका मॉडेलच्या मागच्या चाकांवर ही व्यवस्था आली आणि पुढच्याच वर्षी डीएस या गाडीत चारही चाकांवर. तिच्याबरोबर निदानात दाबमापक शिरला. गाडी कडक झाली म्हणजे गोळ्यातला वायू पडद्यातून झिरपून गेला. पंप सारखा चालू-बंद होऊ लागला म्हणजे दाब साठवणारा गोळा रिकामा झाला. सुरुवातीचे लाल तेल हवेतला ओलावा शोषून घेत असे आणि आतले भाग गंजत. साठच्या दशकात त्याची जागा हिरव्या खनिज तेलाने घेतली. दोन्हींची सरमिसळ झाली तर सीलांचा निकाल लागे, म्हणून टाकीचे झाकण उघडून रंग पाहणे ही तपासणीची पहिली पायरी ठरली. आजही ती पहिलीच आहे, आणि घाईत तीच सर्वाधिक वेळा राहून जाते.

इलेक्ट्रॉनिक्स या तेलात उतरले ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. १९८९ च्या सित्रोएन एक्सएममध्ये स्टिअरिंग, ब्रेक, वेग आणि बॉडीची हालचाल यांवर सेन्सर नजर ठेवत आणि संगणक विजेच्या व्हॉल्व्हमार्फत सस्पेन्शन कडक किंवा मऊ करी. इथून दोष दोन घरांत राहू लागला. गाडी कडक झाली तर गोळा गेला असेल, नाहीतर तारा जोडणाऱ्या कपलरमधली एखादी पिन हिरवट पडली असेल. त्या काळातल्या अनेक गाड्या आपले दुखणे दिव्याच्या उघडझापीतून सांगत. दोन पिना तारेने जोडायच्या, दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचे आणि पुस्तकात त्या आकड्याचा अर्थ शोधायचा.

मर्सिडीज-बेंझने १९९४ मध्ये टेल्कोच्या भागीदारीत पुण्यात पाय रोवला आणि अशा यंत्रणांची ओळख महाराष्ट्रातल्या कार्यशाळांना होऊ लागली. कंपनीची ‘अ‍ॅक्टिव्ह बॉडी कंट्रोल’ ही व्यवस्था १९९९ ची. तिच्यात प्रत्येक चाकाच्या कॉइल स्प्रिंगला जोडून एक हायड्रॉलिक सिलिंडर असतो. पंप सुमारे २०० बार दाबाचे तेल पुरवतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, यावरून त्या दाबाची कल्पना यावी. वळणावर गाडी झुकू लागताच संगणक बाहेरच्या बाजूच्या सिलिंडरांत तेल ढकलतो आणि बॉडी सपाट राहते.

या यंत्रणेचे निदान क्रमानेच करावे लागते. आधी तेलाची पातळी आणि रंग. मग गाडी रात्रभर उभी ठेवून चारही चाकांच्या कमानींची उंची टेपने मोजायची, संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा. एकच कोपरा खाली आला असेल आणि बाहेर कुठे तेल दिसत नसेल, तर संशय त्या कोपऱ्याच्या व्हॉल्व्हवर जातो. गाडी सुरू केल्यावरही उठत नसेल तर पंप किंवा दाब राखणारा व्हॉल्व्ह पाहायचा. गाडी उभी असताना दाबाचा आकडा स्क्रीनवर सारखा थरथरत असेल तर नायट्रोजन भरलेल्या साठवण-गोळ्याचा पडदा फाटलेला असू शकतो. स्कॅनरचा कोड या सगळ्यानंतर वाचला तर उपयोगी पडतो. उंचीच्या सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला आणि दोन दिवसांनी कोड परत आला, हे गॅरेजमध्ये नेहमीचे आहे. तुटलेली असते ती सेन्सरला चाकाच्या आर्मशी जोडणारी काडी. आणखी एक खबरदारी: दाब उतरवल्याशिवाय नळी सोडायची नाही, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचे नाही. बारीक फटीतून उडणारे तेल कातडीत घुसते, आणि बसणारी गाडी सांगून बसत नाही.

खाडीकाठच्या शहरात या यादीत हवेची भर पडते. खारट दमट वाऱ्याने आणि चार महिन्यांच्या पावसाने चाकांजवळची कपलरे आणि लोखंडी नळ्या खराब होतात. शीव-पनवेल महामार्गाचे खड्डे सेन्सरच्या काड्यांवर आघात करतात. म्हणून पावसाळ्यात आलेल्या गाडीचे अर्थिंग आणि पिना आधी साफ करून पाहणे हा इथल्या इलेक्ट्रिशियनचा शहाणपणा आहे. कंपनीच्या पुस्तकांत तो इतक्या वरच्या क्रमांकावर आढळत नाही.

स्कॅनरचा प्रश्न तंत्रापेक्षा हक्काचा अधिक झाला. भारतात ओबीडीचा, म्हणजे गाडीनेच आपले दोष नोंदवून ठेवण्याच्या व्यवस्थेचा, पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून मोटारींना लागू झाला. त्यामुळे डॅशबोर्डखालच्या सॉकेटला कोणताही साधा स्कॅनर जोडून इंजिनाचे कोड वाचता येऊ लागले. हा कायदा मात्र धुरासाठी होता. सस्पेन्शनचे कोड कंपन्यांच्या खासगी भाषेत राहिले आणि बाहेरच्या गॅरेजला स्वस्त स्कॅनरवर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढेच दिसे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधने बाहेरच्या कार्यशाळांना मोकळेपणाने मिळू न देणे हा त्यांच्यावरचा ठपका होता. प्रकरण अपिलात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. दरम्यान अनेक गाड्यांची भाषा जाणणारे स्कॅनर बाजारात आले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या स्वतंत्र गॅरेजांनी ते घेतले. कायद्याने दिले त्याहून जास्त त्या बाजाराने दिले, असे म्हणायला जागा आहे.

जुन्या रीती त्यामुळे मोडीत निघाल्या नाहीत. टोयोटाच्या काही लँड क्रूझर आणि लेक्ससच्या काही मोठ्या गाड्यांत उंची कमी-जास्त करणारी हायड्रॉलिक यंत्रणा असते. तिचे गोळे तपासायला स्कॅनरही लागत नाही. गाडी सर्वांत वर उचलायची आणि टाकीतली तेलाची पातळी पाहायची, मग सर्वांत खाली आणून पुन्हा पाहायची. दोन पातळ्यांमध्ये भरपूर खुणांचा फरक असेल तर गोळ्यांत वायू आहे. फरक जेमतेम असेल तर गोळे बदलायची वेळ आली.

‘अ‍ॅक्टिव्ह बॉडी कंट्रोल’च्या दुरुस्तीत तेल आणि फिल्टर बदलल्यावर शेवटची पायरी संगणकावरून होते. कंपनीच्या भाषेत तिचे नाव ‘रोडिओ’. स्कॅनरवरून आज्ञा दिली की उभी गाडी जागच्या जागी वरखाली उड्या मारू लागते, तेल सगळ्या सिलिंडरांतून फिरते आणि अडकलेला कचरा फिल्टरकडे येतो. नंतर फिल्टर पुन्हा बदलतात, सपाट जमिनीवर चारही कोपऱ्यांची उंची मोजून संगणकात भरतात आणि गाडी रात्रभर उभी ठेवतात. सकाळी टेप पुन्हा लावली जाते.