मॉडेल टी आणि बीटल

सर्वसामान्यांना परवडावी या हेतूने निर्माण झालेल्या दोन विख्यात मोटारगाड्या. पहिली अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने १९०८ मध्ये विक्रीस आणली. दुसरीचा आराखडा फेर्डिनांट पोर्श यांनी १९३४ नंतर जर्मनीत सिद्ध केला.

मॉडेल टीचे चार सिलिंडरांचे एंजिन सु. २० अश्वशक्तीचे व पाण्याने थंड होणारे होते. सांगाडा जमिनीपासून उंच असल्याने कच्च्या रस्त्यांवर ती सहज चाले. पेट्रोल केवळ गुरुत्वाने एंजिनाकडे येई. त्यामुळे टाकीत ते कमी असल्यास तीव्र चढावर गाडी मागे तोंड करून, उलट्या गतीने चढवावी लागे. बीटलचे हवेने थंड होणारे एंजिन मागील बाजूस होते, त्यामुळे थंडीत पाणी गोठण्याचा प्रश्नच नव्हता.

हायलंड पार्क येथील कारखान्यात १९१३ मध्ये सरकती जुळणी-रांग सुरू झाली आणि सांगाड्याच्या जुळणीचा वेळ सु. साडेबारा तासांवरून वर्षभरात सु. दीड तासावर आला. आरंभी ८५० डॉलर असलेली किंमत पुढे ३०० डॉलरच्याही खाली गेली. मात्र एकसुरी कामाला कंटाळून कामगार मोठ्या संख्येने सोडून जात. १९१४ मध्ये जाहीर झालेली ५ डॉलर रोजची मजुरी केवळ औदार्यातून आलेली नव्हती. ती पूर्ण मिळण्यासाठी कामगारांच्या घरगुती वर्तनाचीही चौकशी होई.

बीटलचा आरंभ याहून विषण्ण करणारा आहे. नाझी राजवटीने ९९० मार्क किंमत ठरवून आठवड्यास किमान ५ मार्कांची बचत-तिकिटे विकली. तीन लाखांहून अधिक लोकांनी ती घेतली, पण एकालाही मोटार मिळाली नाही. १९३८ मध्ये पायाभरणी झालेल्या कारखान्यात युद्धकाळात वेठीच्या मजुरांकडून लष्करी वाहने व युद्धसाहित्य बनविले गेले. बचतदारांना प्रदीर्घ न्यायालयीन झगड्यानंतर १९६१ मध्ये नव्या गाडीवर सवलत किंवा अल्प रोख रक्कम देण्याचे ठरले.

ब्रिटिश सैन्याधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली १९४५ च्या अखेरीस नियमित उत्पादन सुरू झाले. १९४८ पासून हाइनरिख नोर्डहोफ यांनी निर्यात वाढविली. मॉडेल टीचे उत्पादन १९२७ मध्ये दीड कोटींवर थांबले होते. तो विक्रम बीटलने फेब्रुवारी १९७२ मध्ये मोडला. शेवटची बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील प्वेब्ला येथे तयार झाली; तोवर एकूण संख्या २ कोटी १५ लाखांवर गेली होती.