दानशूर घराणे आणि मुळशीचे पाणी

आपल्या खेड्यात एखाद्या सावकाराने मारुतीच्या देवळापुढे सभामंडप बांधून दिला, विहिरीला पायऱ्या बांधल्या, तर लोक त्याचे नाव घेतात. पण रात्री पारावर गप्पा रंगल्या की एखादा म्हातारा हळूच म्हणतो, "बांधला खरा, पण पैसा कोणाच्या शेतातला?" माणूस कितीही उदार असो, गाव हा प्रश्न सोडत नाही. आज हाच प्रश्न मी एका फार मोठ्या उद्योगाविषयी तुमच्यापुढे मांडणार आहे. तो उद्योग म्हणजे टाटांचा.

सुरुवात नागपुरापासून करू. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी नसरवानजी टाटा यांची एम्प्रेस मिल तेथे सुरू झाली. त्या काळची गिरणी म्हणजे कोंडलेली हवा, कापसाची धूळ आणि पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत काम. जमशेटजींनी गिरणीत हवा खेळती ठेवण्याची यंत्रे बसवली, आगीपासून बचावाची सोय केली. १८८६ साली कामगारांसाठी पेन्शनचा फंड निघाला आणि १८९५ साली अपघातात जखमी झालेल्यांना भरपाई देण्याची व्यवस्था झाली. अपघातभरपाईचा सरकारी कायदा आला तो १९२३ साली. म्हणजे मालक कायद्याच्या अठ्ठावीस वर्षे पुढे होता. आता कोणी म्हणेल, यात मालकाचाही फायदाच होता की! होताच. नागपूरकडचा मजूर मूळचा शेतीचा माणूस, तो कामावर टिकावा हाही हेतू त्यात होता. पण हेतू शंभर टक्के निर्मळ असेल तरच काम चांगले म्हणायचे, असे ठरवले तर आपल्यापैकी कोणाचेच काम चांगले ठरणार नाही.

पुढची गोष्ट बिहारमधल्या साकची या खेड्याची. तो भाग आज झारखंडात आहे. तिथे पोलादाचा कारखाना काढण्याचे स्वप्न जमशेटजींचे, पण १९०४ साली ते वारले. ते पुरे केले मुलाने, दोराबजींनी. कंपनी १९०७ मध्ये स्थापन झाली, १९१२ मध्ये पोलाद निघू लागले. कारखान्याबरोबर शहर वसवायचे, रस्ते रुंद ठेवायचे, सावलीची झाडे लावायची, बागा आणि खेळाची मैदाने राखायची, देऊळ, मशीद, चर्च यांना जागा सोडायची, हे वडिलांनी मुलाला १९०२ सालीच पत्रातून कळवले होते. १९१२ मध्ये तेथे आठ तासांचा कामाचा दिवस सुरू झाला, १९१५ मध्ये फुकट औषधोपचार, १९२० मध्ये प्रॉव्हिडंट फंड. मात्र ही सगळी मालकाच्या मायेने आपोआप आलेली फळे होती, असे समजू नका. १९२० आणि १९२२ साली त्याच जमशेदपुरात कामगारांनी मोठे संप केले. सोयी होत्या, पण पोटाला मजुरी पुरत नव्हती. शिवाय जिथे शहर उभे राहिले तो मुलूख मुळात आदिवासींचा, हेही शिक्षकांनी नकाशा दाखवताना सांगावे.

दानाच्या बाबतीत या घराण्याने आणखी एक गोष्ट केली, ती मला सर्वांत मोठी वाटते. दोराबजींनी १९३२ साली आपली संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. त्यांचे धाकटे बंधू रतनजी यांच्या नावाचा निधी १९१९ पासून होताच. पुढे घराण्याच्या मुख्य कंपनीचे सुमारे दोन तृतीयांश भाग अशा निधींकडे आले. म्हणजे नफ्यातला मोठा वाटा धर्मादायाकडे वळतो, तो कोणा एकाच्या लहरीवर अवलंबून राहत नाही. समाजकार्याचे शिक्षण देणारी मुंबईची संस्था १९३६ साली निघाली आणि परळचे कॅन्सरचे रुग्णालय १९४१ साली, ती या पैशातून. आपल्या गावातलाही कोणी ना कोणी त्या रुग्णालयाची पायरी चढून आला असेल.

आता पारावरच्या म्हाताऱ्याकडे वळू.

मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत आणि शहरावर धूर धरून राही. सह्याद्रीवर पाऊस मुसळधार. तो अडवायचा, नळांतून घाटाखाली सोडायचा आणि त्याच्या जोरावर वीज काढायची, ही कल्पना खरोखर नामी होती. १९१५ साली खोपोलीला वीज तयार झाली आणि गिरण्या विजेवर चालू लागल्या. धूर कमी झाला, कोळसा वाचला. आज ज्याला आपण पर्यावरणाचे हित म्हणतो, ते शब्द रुळण्याआधीच ते झाले होते.

पण मग कंपनीची नजर मुळशी पेट्यावर गेली. नीला आणि मुळा या नद्यांचा संगम, दोन्ही काठांवर भाताची खाचरे, पन्नासच्या आसपास गावे. धरण झाले की हे सारे पाण्याखाली जाणार आणि भीमेच्या खोऱ्यातले पाणी घाट उतरून कोकणात भिऱ्याला जाणार. शेतकऱ्याला विचारलेही नव्हते. त्याच्या खाचरात परक्या माणसांनी खोदाई सुरू केली तेव्हा त्याला कळले. १८९४ चा जमीन संपादनाचा कायदा सरकारने कंपनीसाठी वापरला. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले, बायाही होत्या. काम थांबले, काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाले. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच 'सेनापती' झाले आणि त्यापायी त्यांनी अनेक वर्षे तुरुंगात काढली.

त्याच वर्षी 'यंग इंडिया'त गांधीजींनी टाटांना उद्देशून लिहिले. योजनेचे लाभ ते नाकारत नव्हते, घराण्याविषयी आदरच दाखवत होते. पण एका गरिबाच्याही मनाविरुद्ध असा लाभ मिळवायचा असेल तर त्याची किंमत काय, असा त्यांचा सवाल होता.

१९२४ अखेर लढा संपला, धरण झाले, १९२७ साली भिऱ्याला वीज निघाली. मोबदला दिलाच नाही असे नव्हे. पण पैसा कागदावर ज्याचे नाव त्याला. आणि पुष्कळ जमिनींच्या कागदांवर पुण्याच्या सावकारांची नावे होती. चिखलात उभे राहून भात लावणाऱ्या कुळाचे नाव कोणत्या कागदावर असणार?

वीजकंपनीने घाटमाथ्यावर पुढे झाडे लावली. लोणावळ्याजवळ वळवणला महाशीर माशाची पिल्ले वाढवून ती नद्या-तलावांत सोडण्याचे काम कित्येक वर्षे चालले आहे; नाहीसा होत चाललेला हा मासा टिकवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. ही कामे चांगलीच. मी ती बुडालेल्या खाचरांच्या वजाबाकीत घालत नाही, आणि खाचरे या कामांच्या बेरजेत लपवतही नाही. दोन खाती वेगळी आहेत.

गंमत अशी, की आपल्या संसदेने ही दोन्ही खाती एकाच वर्षी उघडली. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के लोकोपयोगी कामाला लावायला सांगितले, आणि त्यात कारखान्याच्या आसपासच्या भागाला आधी पाहावे असे म्हटले. त्याच २०१३ साली १८९४ चा तो जुना कायदा जाऊन नवा आला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्क्यांची संमती लागेल, आणि ज्याचे पोट त्या जमिनीवर आहे अशा कुळाला नि मजुरालाही बाधित धरावे, असे त्यात आले. मुळशीच्या रामनवमीला तोवर ब्याण्णव वर्षे झाली होती.