विम्बल्डन कनिष्ठ टेनिस स्पर्धा

लंडनच्या ऑल इंग्लंड क्लबच्या हिरवळीवर दरवर्षी जुलैमध्ये, मुख्य विम्बल्डनच्या दुसऱ्या आठवड्यात, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी होणारी आंतरराष्ट्रीय स्पर्धा. ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि अमेरिकन खुल्या स्पर्धांच्या कनिष्ठ गटांसह ही कनिष्ठ टेनिसमधली सर्वोच्च पायरी मानली जाते. भारतीय वाचकाला या स्पर्धेचे वेगळे अप्रूप असायला हवे, कारण विम्बल्डनच्या एकेरीचे विजेतेपद भारताने आजवर मिळवले ते फक्त याच गटात. तेही एकदा नव्हे, तीनदा.

स्पर्धेची सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये निमंत्रितांची स्पर्धा म्हणून झाली. पहिल्या वर्षी मुलांमध्ये डेन्मार्कचा कुर्ट निल्सन जिंकला. पुढे हाच निल्सन १९५३ आणि १९५५ मध्ये मानांकन नसताना पुरुषांच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि दोन्ही वेळा हरला. दुहेरीचे सामने बऱ्याच उशिरा, १९८२ पासून सुरू झाले. चौदा वर्षांखालील मुलामुलींचा गट तर २०२२ चा. त्यात सोळा मुलगे आणि सोळा मुली आधी गटसाखळीत आणि मग बाद पद्धतीने खेळतात. मुख्य कनिष्ठ गटात एकेरीचा ड्रॉ चौसष्टचा आणि दुहेरीचा बत्तीस जोड्यांचा असतो.

प्रवेश मिळतो तो आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या कनिष्ठ क्रमवारीवर. वयाची तेरा वर्षे पूर्ण झाल्यापासून ज्या वर्षी अठरावे पूर्ण होते त्या वर्षाच्या अखेरपर्यंत महासंघाच्या कनिष्ठ स्पर्धांच्या मालिकेत खेळता येते. लहान वयात किती स्पर्धा खेळायच्या यावरही महासंघाने मर्यादा घातली आहे. २०२३ पासून स्पर्धांची प्रतवारी जे-३० पासून जे-५०० पर्यंत केलेली आहे. आकडा म्हणजे विजेत्याला मिळणारे गुण. कनिष्ठ ग्रँड स्लॅमच्या विजेत्याला हजार गुण मिळतात. म्हणजे कुठल्याशा गावातल्या जे-३० स्पर्धेपासून सुरुवात केलेल्या मुलाला विम्बल्डनच्या फाटकापर्यंत यायला दोन-तीन वर्षे विमानतळ, वसतिगृहे आणि बॅगेतल्या रॅकेटी सांभाळत काढावी लागतात. बक्षिसाची रक्कम कनिष्ठ गटात नसते. चषक आणि गुण, एवढेच पदरात पडते. या सगळ्याचा खर्च आईवडील उचलतात, आणि भारतात तर अनेकदा तेवढ्यावरच एखाद्याची कारकीर्द अडते किंवा तरते.

या स्पर्धेची खरी परीक्षा प्रतिस्पर्ध्यापेक्षा हिरवळ घेते. आजची मुले वाढतात ती हार्ड कोर्टवर किंवा लाल मातीवर. जूनच्या सुरुवातीला पॅरिसची माती संपते आणि मग रोहॅम्प्टनसारख्या एक-दोन स्पर्धांमध्ये गवताची ओळख करून घेऊन लगेच विम्बल्डन. मातीवर चेंडू खांद्यापर्यंत उसळतो, त्याला वरून टॉपस्पिन मारायची सवय लागलेली असते. गवतावर तोच चेंडू घोट्याजवळून सरपटत निघून जातो. गुडघे वाकवून खाली बसले नाही तर रॅकेट त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यातही कनिष्ठांचे सामने सुरू होईस्तोवर मोठ्यांनी आठवडाभर कोर्ट तुडवलेले असते. बेसलाइनवरचे गवत जाऊन तिथे तपकिरी माती दिसू लागते, तर नेटजवळचे गवत अजून हिरवे आणि निसरडे राहिलेले. एकाच कोर्टवर मागे एक पाऊल आणि पुढे दुसरेच. ज्या मुलाला सर्व्हिसमागून नेटवर धावायची सवय आहे, त्याला इथे फायदा होतो. भारतीयांना एके काळी तो फायदा होता, हे पुढे येईलच. पोशाख अर्थातच पांढरा, त्यात कनिष्ठांना सूट नाही.

विजेत्यांची यादी वाचली की एक गोष्ट लगेच लक्षात येते. कनिष्ठ चषक ही काही पत्रिका नव्हे. मुलांमध्ये कनिष्ठ आणि पुरुष, दोन्ही एकेरी जिंकणारे मोजकेच : ब्योर्न बोर्ग (कनिष्ठ विजेता १९७२), पॅट कॅश (१९८२), स्टीफन एडबर्ग (१९८३) आणि रॉजर फेडरर (१९९८). एडबर्गने १९८३ मध्ये चारही कनिष्ठ ग्रँड स्लॅम एकाच वर्षी जिंकली. असे करणारा तो एकमेव मुलगा. फेडररनंतर मात्र कुठल्याही कनिष्ठ विजेत्याने पुरुषांचा चषक उचललेला नाही. नदाल, जोकोविच आणि अल्काराझ ही नावे कनिष्ठ विजेत्यांत शोधूनही सापडत नाहीत. मुलींकडे कनिष्ठ आणि महिला, दोन्ही एकेरी जिंकण्याचे सातत्य जास्त दिसते. अ‍ॅन हेडन (पुढे अ‍ॅन जोन्स), मार्टिना हिंगिस, अमेली मोरेस्मो, अ‍ॅश्ली बार्टी आणि इगा श्वियाँटेक या सगळ्या आधी कनिष्ठ विजेत्या होत्या. हिंगिस १९९४ मध्ये जिंकली तेव्हा अवघी तेरा वर्षांची होती. यजमानांची कथा निराळी. १९६२ मध्ये प्रसिद्ध फुटबॉलपटू स्टॅन्ली मॅथ्यूज यांचा मुलगा, त्याचेही नाव स्टॅन्लीच, जिंकला. त्यानंतर ब्रिटिश मुलाला चषक मिळायला २०२३ साल उजाडले. तो मान हेन्री सर्लचा.

भारताचे खाते उघडले ते एका मुलीने, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९५२ मध्ये रीता दावर मुलींच्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि नेदरलँड्सच्या खेळाडूकडून तीन सेटमध्ये हरल्या. पुढल्याच वर्षी रामनाथन कृष्णन मुलांच्या अंतिम सामन्यात हरले, आणि १९५४ मध्ये परत येऊन जिंकले. ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅश्ली कूपरला त्यांनी ६-२, ७-५ असे हरवले. कनिष्ठ विम्बल्डन जिंकणारे ते पहिले आशियाई. गंमत म्हणजे १९५८ मध्ये पुरुषांचे विजेतेपद गेले ते हरलेल्या कूपरकडे. कृष्णन १९६० आणि १९६१ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले, एकदा नील फ्रेझरपुढे आणि एकदा रॉड लेव्हरपुढे थांबले. त्या-त्या वर्षी अखेरीस चषक उचलला तो त्या दोघांनीच.

कलकत्त्याचे प्रेमजित लाल (१९५८) आणि जयदीप मुखर्जी (१९६०) उपविजेते ठरले. कलकत्त्याच्या साउथ क्लबची हिरवळ ही त्या पिढीची शाळा होती. म्हणूनच विम्बल्डन त्यांना परके वाटले नाही. १९७९ मध्ये रामनाथन यांचा मुलगा रमेश कृष्णन जिंकला. त्याच वर्षी त्याने फ्रेंच कनिष्ठ स्पर्धाही जिंकली होती. बापलेक दोघेही या स्पर्धेचे विजेते. १९९० मध्ये लिअँडर पेसने मार्कोस ओंड्रुस्काला ७-५, २-६, ६-४ असे हरवले. पेस कलकत्त्याचा, मद्रासच्या अमृतराज अकादमीत घडलेला. वडील वेस पेस, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधले कांस्यविजेते हॉकीपटू, मूळचे गोव्याचे. एकेरीचा विजेता म्हणून गाजलेल्या या मुलाने नंतर नाव काढले ते मुख्यतः दुहेरीत.

महाराष्ट्राचा सर्वांत जवळचा प्रसंग १९९२ चा. पुण्याचा नितीन कीर्तने आणि महेश भूपती ही जोडी मुलांच्या दुहेरीच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि ऑस्ट्रेलियाच्या बाल्डास-ड्रेपर जोडीकडून तिसऱ्या सेटमध्ये ९-७ अशी हरली. सात वर्षांनी भूपती पेसच्या साथीने पुरुष दुहेरीचा विजेता झाला. दुहेरीत भारतीय मुलामुलींना चषक मिळाले आहेत : २००३ मध्ये सानिया मिर्झाने रशियाच्या अलिसा क्लेबानोवाबरोबर, आणि २०१५ मध्ये सुमित नागलने व्हिएतनामच्या ली होआंग नामबरोबर. २०२१ मध्ये समीर बॅनर्जी एकेरी जिंकला तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी त्याला उत्साहाने भारतीय ठरवले. तो न्यू जर्सीचा, खेळला अमेरिकेकडून. अभिमान वाटायला हरकत नाही, पण भारताच्या खात्यात तो धरू नये.

भारतात गवताची कोर्टे कमी होत गेली, क्लबांनीही देखभालीचा खर्च टाळून हार्ड कोर्ट पत्करली. ऑल इंग्लंड क्लबने २०१४ मध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी ‘रोड टू विम्बल्डन’ ही स्पर्धा भारतात सुरू केली, ती गवताशी ओळख व्हावी म्हणूनच. १९९० च्या पेसनंतर मुलांच्या एकेरीचे विजेतेपद भारताकडे आलेले नाही, आणि मुलींच्या एकेरीत रीता दावर यांच्या पुढची पायरी आजवर एकाही भारतीय मुलीने गाठलेली नाही.