घाटात स्कूटरचा डिस्क ब्रेक मऊ का पडतो? ब्रेकमधली हवा काढायची कशी?

सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे किंवा इगतपुरीहून कसारा घाटातून खाली येताना काही स्कूटरचालकांना एक विचित्र अनुभव येतो. पुढचा ब्रेक अचानक मऊ लागतो. लिव्हर थेट हँडलला टेकतो, पण गाडी थांबत नाही. सपाटीला येऊन दहा-पंधरा मिनिटं थांबलं की ब्रेक पुन्हा ठीक. "गरम झाला होता," असं म्हणून गाडी पुढे निघते.

पण थंड झाल्यावर लागलेला ब्रेक दुरुस्त झालेला नसतो. पुढच्या उतारावर तो पुन्हा दगा देऊ शकतो.

आधी बघा, तुमच्या स्कूटरला ऑइलचा ब्रेक आहे का?

१९७२ साली बाजारात आलेल्या बजाज चेतकला ड्रम ब्रेक होते. त्यात ऑइलच नसतं, त्यामुळे हवा काढायचा प्रश्न येत नाही. तिथे केबलचा ताण आणि ब्रेक शू तपासायचे. लॅम्ब्रेटाने १९६२ मध्ये टीव्ही १७५ या मॉडेलला पुढे डिस्क ब्रेक दिला, पण तोही केबलवरच चालायचा.

बारामतीत बनणाऱ्या व्हेस्पाच्या काही मॉडेल्सना मात्र पुढे ऑइलवर चालणारा डिस्क ब्रेक आहे. अनेक शौकीन जुन्या स्कूटरलाही असा ब्रेक बसवून घेतात. ओळखायची खूण सोपी: उजव्या लिव्हरजवळ ऑइलची छोटी टाकी असते आणि तिथून एक होज चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंत जातो.

ब्रेक मऊ का पडतो?

लिव्हर दाबला की ऑइलवर दाब येतो. द्रव जवळजवळ दबत नाही, म्हणून तो दाब थेट कॅलिपरच्या पिस्टनवर पोचतो आणि पॅड डिस्कला आवळतात. हवा मात्र दबते. ऑइलमध्ये बुडबुडे असतील तर हाताचा जोर ते बुडबुडे दाबण्यातच संपतो.

इथे दोन वेगळे दोष असतात. ब्रेक कायम मऊ लागत असेल तर बहुतेक वेळा आत हवा आहे. फक्त उतारावर, तापल्यावर मऊ पडत असेल तर ऑइल जुनं झालंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. घाटात ब्रेक सतत दाबून धरला की उष्णता ऑइलपर्यंत पोचते, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर मऊ पडतो. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं, म्हणून ब्रेक 'आपोआप' बरा झाल्यासारखा वाटतो.

दोन्हींवर उपाय एकच: जुनं ऑइल आणि हवा बाहेर, नवं ऑइल आत. यालाच ब्लीडिंग म्हणतात.

काय लागेल?

टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं, सील न फोडलेलं ऑइल, निप्पलच्या मापाचा रिंग पाना, पारदर्शक नळी, बाटली, स्क्रू ड्रायव्हर, सिरिंज, चष्मा, हातमोजे आणि भरपूर फडकी. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल असतं. ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळू नका.

हवा कशी काढायची?

१. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि टाकी समपातळीत येईल इतका हँडल वळवा. रंगावर फडकी टाका. हे ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

२. झाकण पुसून उघडा. आतलं काळपट ऑइल सिरिंजने काढा आणि नवं भरा.

३. कॅलिपरच्या ब्लीडर निप्पलवर आधी पाना, मग नळी चढवा. बाटलीत थोडं ऑइल घेऊन नळीचं दुसरं टोक त्यात बुडवा.

४. लिव्हर तीन-चार वेळा सावकाश दाबा आणि शेवटी दाबून धरा. आता निप्पल पाव फेरा सैल करा. ऑइल आणि बुडबुडे बाहेर येतील.

५. निप्पल आवळा, त्यानंतरच लिव्हर सोडा. क्रम चुकला तर हवा परत आत जाते.

६. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच करा. टाकीतली पातळी खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका.

७. निप्पल बेताने आवळा. जास्त जोर लावला तर आटे जातात. टाकी वरच्या खुणेपर्यंत भरून झाकण लावा.

तरीही मऊ लागतोय?

हवा वर चढते, म्हणून निप्पल कॅलिपरच्या सर्वात वरच्या बाजूला असावं लागतं. तसं नसेल तर कॅलिपर सोडवून, निप्पल वर येईल असा धरून हवा काढतात. तेव्हा पॅडच्या मध्ये फळीचा तुकडा ठेवायचा, नाहीतर पिस्टन बाहेर येतो.

लिव्हर मिनिटभर घट्ट दाबून धरा. तो हळूहळू खाली सरकत असेल, होजवर ओल दिसत असेल किंवा टाकीतलं ऑइल वारंवार कमी होत असेल, तर गाडी चालवू नका, मेकॅनिकला दाखवा. हवा आपोआप आत येत नाही. ती कुठून आली हे सापडेपर्यंत काम अर्धवटच असतं. पॅडवर ऑइल सांडलं असेल तर पॅड बदला.

काम झाल्यावर पहिली चाचणी मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने घ्या. साधारण दोन वर्षांनी ऑइल बदला, शक्यतो पावसाळी भटकंती सुरू होण्याआधी. आणि घाट उतरताना गिअरची स्कूटर खालच्या गिअरमध्येच ठेवा, ब्रेक सतत दाबून धरू नका.