अमेरिकेतली उत्तर आणि दक्षिण : फरक कसा वाढला

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, अमेरिकेत उत्तर उद्योगाची आणि दक्षिण शेतीची, असं पहिल्यापासूनच होतं का? नव्हतं. १७९० साली दोन्हीकडे बहुतेक माणसं शेतीच करत होती. फरक वाढला तो पुढच्या चाळीस वर्षांत, आणि तो दोघांनी मिळून वाढवला, असं माझं म्हणणं आहे.

आता बघा. १७९०च्या डिसेंबरात ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला सॅम्युएल स्लेटरने पाण्याच्या जोरावर सूत कातायला सुरुवात केली. तीन वर्षांनी जॉर्जियात एली व्हिटनीने सरकी काढण्याचं यंत्र तयार केलं. तोवर आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हाताने काढायची म्हणजे दिवस मोडून शेरभर रुईही मिळत नसे. यंत्राने कष्ट वाचले, असं पाठ्यपुस्तकात असतं. कोणाचे वाचले? कापूस परवडू लागला, लागवड अलाबामा-मिसिसिपीपर्यंत सरकली आणि गुलामांची संख्या १७९०मधल्या सुमारे ७ लाखांवरून १८३०मध्ये २० लाखांवर गेली. मळेवाल्याचा पैसा जमिनीत आणि माणसांत अडकला. गिरणी काढायला त्याच्याकडे मोकळं भांडवल उरेना, आणि खरं सांगायचं तर त्याला तशी गरजही वाटेना.

१८२८मध्ये काँग्रेसने परदेशी मालावरची जकात फार वाढवली. उत्तरेच्या गिरण्यांना संरक्षण मिळालं, दक्षिणेला सगळं महाग पडू लागलं. १८३२च्या नोव्हेंबरात दक्षिण कॅरोलिनाने तो कायदा आणि त्याच वर्षीचा नवा जकात कायदा आपल्या राज्यापुरते रद्द ठरवले. तक्रार खोटी नव्हती. पण आम्ही तत्त्वज्ञानवाले शब्दांवर जरा संशय घेतो, म्हणून 'दक्षिण' म्हणजे नेमकं कोण, हे विचारावंसं वाटतं. मळ्यांवर गुलामांना जे जाडंभरडं कापड वाटलं जायचं, त्यातलं बरंचसं ऱ्होड आयलंडच्या गिरण्यांत विणलेलं असे. व्यापारात त्याचं नावच 'निग्रो क्लॉथ'. आणि याच ऱ्होड आयलंडने १७८४ साली गुलामी हळूहळू संपवण्याचा कायदा केला होता! म्हणजे घरात गुलामी नको, गिऱ्हाईक म्हणून मळेवाला चालेल.

१८३३मध्ये तडजोड झाली. जकात १८४२पर्यंत टप्प्याटप्प्याने उतरवायची ठरलं. कापूस वेचणाऱ्यांचा प्रश्न त्या तडजोडीत नव्हता.

उत्तरेच्या मजुरांबद्दल बोलायचं राहिलं. स्लेटरच्या गिरणीतले पहिले कामगार सात ते बारा वर्षांची मुलं होती. तिथूनच पुढच्या वेळी सुरू करू.