मुनेरबीचा मुलगा

नीना सिमोन ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय जॅझ गायिका. आई धर्मोपदेशक, त्यामुळं लहानपणीच ती चर्चमध्ये पियानो वाजवू लागली. सप्टेंबर १९६३मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्बस्फोट केला. त्यात चार कृष्णवर्णीय मुलींचा बळी गेला. त्या संतापातून तिनं 'मिसिसिपी गॉडॅम' हे गाणं रचलं आणि नागरी हक्कांच्या लढ्यात ते ती गात राहिली. तिच्याविषयी वाचताना मला बार्शीच्या मुनेरबीची आठवण येते. मुनेरबी म्हणजे शाहीर अमर शेख यांची आई.

अमर शेख यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६चा. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. घरी गरिबी. आईच्या तोंडची मराठी लोकगीतं हीच त्यांची पहिली शाळा. पुढं मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार. कामगारांच्या लढ्यातून ते साम्यवादी चळवळीत आले. १९४४मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह 'लाल बावटा कलापथक' उभं राहिलं.

पोवाडा एकट्याचा नसतो. शाहीर डफावर थाप मारून ओळ फेकतो, मागचे झीलकरी ती झेलतात, ढोलकी आणि तुणतुणं साथीला असतं. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्येही एकानं हाक द्यायची आणि सगळ्यांनी ओ द्यायची, अशीच रीत. गाणाऱ्याला वाटतं मी एकटा नाही, ऐकणाऱ्यालाही तसंच वाटतं. चळवळीला नेमकं हेच लागतं. सरकारांनाही ते कळतं. नीनाच्या गाण्यावर अमेरिकेच्या दक्षिणेत बंदी आली. इथं स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं लाल बावटा पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली.

पण आवाज थांबला नाही. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात, टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. आमच्या कसबा पेठेतून चालत जाण्याइतकं ते ठिकाण. त्यानंतरच्या सभांमध्ये भाषणांइतकीच गर्दी शाहिरांसाठी होई. अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड अमर शेखांच्या पहाडी आवाजात घुमली. गावाकडं राहिलेली मैना ही मुंबईतल्या कामगाराची बायकोच. पण ऐकता ऐकता तिच्यात महाराष्ट्रापासून तुटलेले मुलूखही दिसू लागत. राजकीय ठराव असा घराघरात पोचला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं.

मला हे सांगावंसं वाटतं, त्याला कारण आहे. कविसंमेलनात कविता वाचून खाली उतरलो की कुणीतरी प्रेमानं विचारतंच, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण पिढ्यान्‌पिढ्या कसब्यात राहणाऱ्या, शेख सल्ला दर्गा आणि कसबा गणपती दोन्ही ज्याच्या रोजच्या वाटेवर आहेत, अशा माणसाला तो प्रश्न परकं करून जातो. आईची भाषा चांगली असायला कारण कशाला लागतं? मुनेरबीला हे कुणी विचारलं असेल का? तिच्या मुलानं तर मराठी राज्यासाठी घसा फोडला, तोही शेख हे नाव मिरवत.

अमर शेख नुसते गायकही नव्हते. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह, 'पहिला बळी' हे नाटक. आचार्य अत्र्यांनी त्यांना 'महाराष्ट्राचा मायकोव्हस्की' म्हटलं. 'प्रपंच' चित्रपटातही त्यांनी काम केलं. २९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघातात ते गेले, तेव्हा वय होतं अवघं बावन्न. त्यांची मुलगी मल्लिका अमर शेख स्वतः नावाजलेली कवयित्री. म्हणजे मुनेरबीच्या घरातलं मराठी तिसऱ्या पिढीतही कवितेत उतरलं.

आज महाराष्ट्र दिनी चौकाचौकांत ध्वनिक्षेपकावर गाणी लागतात. त्यांत एखादी मूळ शाहिराची छक्कड लावा, आणि शेजारी उभ्या असलेल्या पोरांना शाहिराचं पूर्ण नाव सांगा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)